वारली चित्रपरंपरेतील व्यक्तिशैली : जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांच्या निमित्ताने

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणाऱ्या कोणत्याही मालाची पहिली कसोटी एकसारखेपणाची असते. औषधाची गोळी असो वा यंत्राचा सुटा भाग, नमुन्याशी न जुळणारा नग बाजूला काढला जातो. याच गावात एकेकाळी ‘विमको’च्या आगपेट्या तयार होत. लाखो पेट्यांवर एकच चित्र फरक न पडता उमटणे हे त्या काळच्या यंत्रोत्पादनाचे यश होते. हस्तकलेचे मोल याच्या नेमक्या उलट कसोटीवर ठरते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यात गृहसंकुलांच्या प्रवेशद्वारांवर, शाळांच्या कुंपणभिंतींवर आणि भेटवस्तूंच्या दुकानांतील कपां-पिशव्यांवर ‘हाताची कला’ म्हणून जे चित्र वारंवार दिसते, ते वारली आकृतीचे आहे. आणि ते सर्वत्र एकच आहे. टोकाला टोक जोडलेले दोन समान त्रिकोण, वर गोल डोके, चार काड्यांचे हातपाय, आणि मध्ये तारपा वाजविणाऱ्याभोवती फिरणारे वर्तुळ. हस्तकलेची खूण म्हणून वापरले जाणारे हे चित्र कारखान्याच्या कसोटीला मात्र सहज उतरते.

ही आकृती फार लांबून आलेली नाही. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत अंबरनाथ आणि डहाणू-तलासरीचा वारली मुलूख एकाच ठाणे जिल्ह्यात होते. त्या मुलखात, डहाणू तालुक्यातील गंजाड या गावी, जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी सुमारे चार दशके जी चित्रे काढली, ती या नमुन्याशेजारी ठेवली असता एक प्रश्न उभा राहतो. ज्या परंपरेत आकृतीचे नियम इतके कडक आहेत की दोन त्रिकोणांवाचून माणूस काढता येत नाही, तेथे एका व्यक्तीची शैली संभवते काय, आणि संभवत असेल तर ती नेमकी कोठे वास करते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अनामिकतेचा सिद्धांत

लोककला ही समूहाची निर्मिती असून तीत व्यक्तीला स्थान नसते, हे मत आपल्याकडे इतके रुळले आहे की त्याची तपासणी करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. आनंद कुमारस्वामी यांनी पारंपरिक कारागिराच्या अनामिकतेला तात्त्विक प्रतिष्ठा मिळवून दिली. आधुनिक कलावंताच्या आत्मप्रदर्शनाला उत्तर म्हणून त्यांची ही भूमिका समजून घेता येते. मात्र पुढील अभ्यासकांनी तिचा सोयीस्कर अर्थ लावला. ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला शैलीही नसणार, असे गृहीत धरले गेले. वस्तुतः नाव नसणे ही नोंदीची उणीव असते आणि शैली नसणे हा हाताचा गुण असतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काहीही संबंध नाही. वालधुनीच्या काठी उभ्या असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. त्याच्या आधारे शिलाहार राजाची ओळख पटते. मंदिराच्या बाह्यांगावरील मूर्ती घडविणारे हात मात्र इतिहासाला अज्ञात आहेत. तेवढ्यावरून ते सर्व हात एकच होते असे कोणी म्हणणार नाही.

या संदर्भात अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ रूथ बुंझेल यांचे १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेले प्वेब्लो कुंभारणींवरील संशोधन आजही उपयुक्त आहे. बाहेरच्या निरीक्षकाला एकसारखी दिसणारी मडकी घडविणाऱ्या या स्त्रिया आपण कोणाची नक्कल करीत नाही, प्रत्येक नक्षी नवी असते, असे आग्रहाने सांगत. त्यांचे म्हणणे चुकीचे मानण्यापूर्वी आपला डोळा पुरेसा तयार आहे काय, हे पाहिले पाहिजे. ख्यालगायकी ऐकण्याची सवय नसलेल्याला एका रागातील सर्व बंदिशी सारख्याच वाटतात.

भिंत आणि कागद

वारली चित्राचे मूळ स्थान लग्नघराची भिंत हे होय. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा, त्यावर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक. टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हीच लेखणी. चौक लिहिण्याचा अधिकार सुवासिनींचा. धवलेरी गाणी म्हणून विधी चालविते. चौकटीच्या मध्यभागी पालघट देवी, शेजारी लहान चौकात पंचशिऱ्या, आणि सभोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, माणसे. हा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. त्याचे कार्य विधीचे असल्याने तो बिनचूक असणे आवश्यक असते; तो सुंदर आहे की नाही हा नंतरचा विषय.

पुढच्या सारवणाबरोबर हे चित्र नाहीसे होते, आणि शैलीच्या चर्चेत हीच बाब निर्णायक ठरते. एका पाड्यावरील दोन सुवासिनींच्या रेषेत फरक नव्हता असे मानण्याला काहीच आधार नाही. एकीची रेषा जाड, दुसरीची कापरी. एकीच्या कडेच्या पट्ट्या दाट, दुसरीच्या विरळ, असे असणारच. त्या पाड्यावरील बायकांना हा फरक दिसतही असावा. परंतु एकाच हाताची दहा वर्षांतील दहा चित्रे शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची सोय भिंत देत नाही. शैली म्हणजे पुनरावृत्तीतून ओळखू येणारा कल, आणि तो ओळखण्यासाठी टिकाऊ पृष्ठभाग लागतो. कागदाने वारली चित्रकाराला शैली दिली असे म्हणण्यापेक्षा कागदाने ती पाहणाऱ्याच्या दृष्टिपथात आणली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

हा कागद वारली मुलखात पोहोचविण्याचे श्रेय मुख्यतः भास्कर कुलकर्णी यांच्याकडे जाते. बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मिथिलेतील स्त्रियांना भिंतीवरून कागदावर आणणारे हेच चित्रकार होते. १९७० नंतरच्या काही वर्षांत ते ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात आले. मिथिलेत कागद स्त्रियांच्या हाती गेला आणि गंगादेवींसारख्या चित्रकर्त्री त्यातून पुढे आल्या. डहाणूत मात्र तो पुरुषांच्या हाती गेला. या फरकाची कारणमीमांसा अद्याप समाधानकारकपणे झालेली नाही. परिणाम मात्र उघड आहे. विधीची मालकी स्त्रियांकडे राहिली आणि शैलीचा इतिहास पुरुषांच्या नावाने लिहिला गेला.

मशे यांचा हात

जिव्या मशे यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी हकिकत अशी की, लहान वयात आई गेल्यानंतर त्यांचे बोलणे थांबले आणि काही वर्षे ते मातीत रेघा ओढून मनातील गोष्ट सांगत. चरित्रातील अशा घटनांवरून चित्रांचा अर्थ लावण्याचा मोह टाळणेच बरे. तरीही एवढे खरे की विधीचे निमित्त नसताना रोज चित्र काढणारा पुरुष ही त्या समाजात नवी गोष्ट होती, आणि शैलीच्या दृष्टीने हे ‘रोज’ महत्त्वाचे आहे. लग्नसराईपुरते चित्र काढणारा हात विधीच्या स्मरणावर चालतो. रोज काढणारा हात स्वतःच्या कालच्या चित्राला उत्तर देऊ लागतो.

१९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. (केमोल्ड हे नाव ‘केमिकल मोल्डिंग’ या चौकटी बनविणाऱ्या व्यवसायावरून आले आहे. वारली चित्राला पहिली शहरी चौकट मिळाली ती अशा घरी.) १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात सहभाग, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री असा त्यांच्या कीर्तीचा प्रवास आहे. सन्मानांच्या या यादीने चित्रांबद्दल फारसे काही कळत नाही. तेव्हा चित्रांकडेच वळावे.

मशे यांनी आकृतीचे व्याकरण बदलले नाही, ही पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन, बिंदू, रेषा यांपलीकडे ते गेले नाहीत. रंगांची संख्याही वाढविली नाही. कापडावर वा कागदावर शेणाचा किंवा गेरूचा थर आणि त्यावर पांढरा रंग, एवढीच सामग्री. पुढील काळात तांदळाच्या पिठाऐवजी तयार पांढरा रंग आला. पण त्यामुळे दृष्टी बदलली असे दिसत नाही. नावीन्य म्हणजे नवा विषय वा नवा रंग, असे मानणाऱ्या समीक्षेला म्हणूनच त्यांच्या चित्रांत पकडण्यासारखे फारसे काही सापडत नाही.

फरक आहे तो आकृतीच्या तोलात. कपावर छापलेल्या आकृतीत वरचा त्रिकोण खालच्यावर सरळ उभा असतो. त्यामुळे माणूस उभा दिसतो आणि तेवढाच दिसतो. मशे यांच्या चित्रात वरचा त्रिकोण आपल्या टोकावर कललेला असतो. कमरेचा तो सांधा केसाएवढा बारीक, आणि त्याच्यावर साऱ्या शरीराचा भार. मोळी वाहणारी बाई पुढे झुकते, कुऱ्हाड उगारणारा मागे रेलतो, धावणाऱ्याचे डोके धडाच्या किंचित पुढे जाते. डोळे, नाक, तोंड नाही, वय नाही, तरीही कोण दमले आहे आणि कोण घाईत आहे, हे कळते. शेकडो आकृत्यांच्या गर्दीत एकच कल दोनदा सहसा आढळत नाही. नियमाने दिलेल्या एका सांध्यातून एवढी विविधता काढणे हे नियम मोडण्याहून अवघड काम आहे.

दुसरा फरक अवकाशाच्या हाताळणीत दिसतो, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा आहे. मासेमारीचे जाळे हा मशे यांचा वारंवार येणारा विषय. या चित्रांत जाळे ही माणसाच्या हातातील एक वस्तू राहत नाही. ते जवळजवळ संपूर्ण पृष्ठभाग व्यापते. बारीक रेषांची वीण सर्वत्र पसरते, तिच्यात मासे अडकलेले, आणि कडेला कोठेतरी ते जाळे टाकणारे लहानसे कोळी. प्रत्येक घर हाताने ओढलेले असल्याने वीण कोठे दाटते, कोठे सैल पडते, आणि पाण्याची एकही रेषा न काढता जाळे पाण्यावर हेलकावल्याचा भास होतो. यंत्राने हेच जाळे काढले असते तर सर्व घरे समान आली असती आणि समोर केवळ एक जाळी दिसली असती. शेतांच्या आणि झाडांच्या चित्रांतही हीच पद्धत आहे. पाने म्हणजे सुट्या, छोट्या, किंचित दिशा बदलणाऱ्या रेघा. पेरणी म्हणजे ठिपक्यांची रांग. मशे यांची खरी सही या भरण्यात आहे. आकृती कोणालाही उचलता येते. हे भरणे उचलता येत नाही, कारण त्याला नमुना नाही, केवळ वेळ आणि श्वास आहे.

तारप्याचे नृत्य हे तर वारली चित्राचे जणू अधिकृत बोधचिन्हच झाले आहे. नकलेत ते बंद वर्तुळ असते, घड्याळाच्या तबकडीसारखे. प्रत्यक्ष नाचात माणसांची साखळी हातात हात गुंफून वळत जाते आणि तिचे एक टोक मोकळे राहते. मशे यांच्या चित्रांत ती नागमोडी आत शिरते, तिचा शेवटचा माणूस कोठेतरी बाहेर असतो आणि आणखी कोणी येऊन त्याचा हात धरू शकेल असे वाटते. येथे शैली म्हणजे प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीशी राखलेले इमान होय. नकल करणारा दुसऱ्याच्या चित्राकडे पाहतो आणि मशे नाचाकडे पाहतात.

तुलनेसाठी दोन उदाहरणे

१९९८ मध्ये दिल्लीच्या शिल्प संग्रहालयाने ज्योतींद्र जैन यांच्या संपादनाखाली पाच लोक-आदिवासी कलावंतांवर ‘अदर मास्टर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मशे यांच्यासोबत त्यात गंगादेवी आणि जनगढसिंह श्याम यांचाही समावेश होता. समूहाच्या नावाऐवजी व्यक्तीच्या नावाने या कलेचा विचार करणारे ते एक महत्त्वाचे पाऊल होते.

जनगढ यांचे उदाहरण मशे यांच्या उलट आहे. मध्य प्रदेशातील पाटणगढचे हे प्रधान गोंड तरुण भोपाळच्या भारत भवनाच्या निमित्ताने १९८० नंतर पुढे आले. प्रधान हे मूळचे गाणारे, देवांच्या कथा सांगणारे. वारली लग्नचौकासारखे कडक चित्रव्याकरण त्यांच्यामागे उभे नव्हते. जनगढ यांनी ठिपके, रेघा आणि सपाट आकार यांतून ते स्वतः रचले, आणि एका पिढीच्या आत त्यांच्या नातलगांनी, शिष्यांनी ते आपलेसे केले. उदयन वाजपेयी यांनी त्याला ‘जनगढ कलम’ म्हटले. म्हणजे येथे व्यक्तीची शैली समाजाची परंपरा झाली. २००१ मध्ये जपानमधील एका संग्रहालयासाठी काम करीत असताना जनगढ यांचा अकाली अंत झाला. हाताला येणारी मागणी आणि माणसाची सोसण्याची ताकद यांचा मेळ हा विषय त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही. मशे यांच्या बाबतीत व्याकरण आधीच पूर्ण होते. त्यांची शैली त्याच्या आत, त्याच्या फटींत वाढली. त्यामुळे ती शिष्यांकडे जाताना सहज दिसत नाही आणि बाजाराला तर मुळीच दिसत नाही.

गंगादेवी (मृत्यू १९९१) यांनी मिथिला चित्रशैलीत अमेरिकेचा प्रवास रंगविला आणि पुढे स्वतःच्या कर्करोगाची मालिकाही. विधीच्या चित्रभाषेत वैयक्तिक दुखणे मांडता येते, हे त्यांनी दाखविले. शिल्प संग्रहालयात त्यांनी भिंतीवर लिहिलेले कोहबर घर मात्र पुढे नूतनीकरणाच्या काळात नष्ट झाले. भिंतीवरील चित्राचे भाग्य संग्रहालयातही पालटले नाही.

नाव, सही आणि कायदा

हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा नाही. त्यात उपजीविकेचा भाग आहे. भौगोलिक निर्देशनाचा १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला आणि २०१४ मध्ये आदिवासी युवा सेवा संघाच्या अर्जावरून वारली चित्रकलेची त्याखाली नोंद झाली. या नोंदीने समूहाच्या नावाला संरक्षण मिळाले, आणि ते आवश्यकच होते. परंतु हा कायदा समूहाला ओळखतो, एका हाताला नाही. दुसरीकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा व्यक्तीला ओळखतो. पण त्याचे संरक्षण विशिष्ट चित्राला असते, चित्र काढण्याच्या पद्धतीला नसते. मशे यांच्या जाळ्याच्या एखाद्या चित्राची हुबेहूब प्रत काढणे कायद्याच्या कक्षेत येईल. त्यांची वीण उचलून दुसरे जाळे विणणे येणार नाही. वारली चित्रकाराची व्यक्तिशैली या दोन कायद्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभी आहे.

यावर सही हा उपाय सुचविला जातो. तो पूर्ण नाही. न्यू मेक्सिकोच्या सान इल्देफोन्सो गावातील मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) यांची काळी मडकी प्रसिद्ध झाल्यावर त्यांनी सही करावी असा बाजाराचा आग्रह झाला. सहीच्या मडक्याला अधिक किंमत येते हे कळताच गावातील इतर बायकांच्या विनंतीवरून त्या त्यांच्याही मडक्यांवर सही करू लागल्या. संग्राहकांना हे विचित्र वाटले. मार्टिनेझ यांच्या दृष्टीने शेजारधर्माचा तो साधा व्यवहार होता. वारली पाड्यांतही एका घरात अनेक हात एका चित्रावर चालणे अशक्य नाही. जिव्या मशे यांचे पुत्र सदाशिव आणि बाळू हे दोघेही चित्रकार. एकाच घरातील तीन हातांत फरक कोणता, हे सांगणे समीक्षेचे काम आहे, आणि मराठी कलासमीक्षेने ते फारसे हाती घेतलेले नाही. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फ येथे ब्रिटिश शिल्पकार रिचर्ड लाँग आणि मशे यांची चित्रे एकत्र मांडली गेली. लाँग यांच्या चिखलाच्या भित्तिचित्रांची चर्चा त्यांच्या नावाने होते. मशे यांची चर्चा बहुधा ‘वारली कला’ या नावाने सुरू होते आणि तेथेच संपते.

पुढील पिढीने या कोंडीतून आपापल्या वाटा काढल्या आहेत. गंजाडचे राजेश वनगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासह २०१३ पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’ ही मालिका केली. गिल यांनी टिपलेल्या त्या परिसराच्या छायाचित्रांवर वनगड आपल्या बारीक रेषेने गावाच्या आठवणी, देवदेवता आणि दुष्काळाच्या कथा लिहितात. गेरूच्या सपाट पार्श्वभूमीच्या जागी कॅमेऱ्याने पकडलेली खोली आल्याने त्या रेषेला आपली जागा नव्याने शोधावी लागते, आणि तो शोध चित्रात दिसतो. गंजाडचेच मयूर आणि तुषार वायेडा हे बंधू मोठ्या कापडावर दाट, जवळजवळ श्वास कोंडणारी मांडणी करतात. हे दोन्ही प्रयत्न सर्वत्र सारखे यशस्वी होत नाहीत. वायेडा बंधूंच्या काही चित्रांत रेखीवपणा इतका वाढतो की हाताचा कंप हरवतो, आणि मग नकलेचा एकसारखेपणा उलट्या वाटेने परत येतो. तरी वेगळ्या हाताची ओळख पटविणारी ही चित्रे आहेत, आणि ‘हे वारली नव्हे’ असा आक्षेप त्यांच्यावर घेणाऱ्याने आपली वारलीची व्याख्या कपावरील चित्रावरून तर बनलेली नाही ना, हे तपासून पाहावे.

शहरी महाविद्यालयांतील आणि छंदवर्गांतील वारलीचे अध्यापन आज बहुतांशी आकृतीपासून सुरू होते: आधी त्रिकोण, मग हातपाय, मग वर्तुळ. या क्रमाने शिकणारा विद्यार्थी दोन तासांत वारली काढू लागतो, आणि पुढे वर्षभर तेच काढतो. मशे यांच्या चित्रांवरून सुचणारा क्रम उलटा आहे. आधी पृष्ठभाग, मग रेघ आणि ठिपका यांनी तो भरण्याचा सराव, मग समोरचे शेत, झाड, वाट, आणि माणूस सर्वांत शेवटी. त्यात प्रदर्शनायोग्य काही हाती येण्यास वेळ लागतो. सत्राच्या वेळापत्रकात हे बसविणे सोपे नाही.

राहता राहिल्या लग्नघरातील सुवासिनी. यशोधरा दालमिया यांच्या १९८८ च्या ग्रंथाने वारली विधिचित्रांना गंभीर अभ्यासाची प्रतिष्ठा दिली. त्यानंतरही चौक लिहिणाऱ्या हातांचा, पाडा आणि नावानिशी, वर्षानुवर्षांचा चित्रसंग्रह हे काम बाकीच आहे. आता त्यासाठी कागदाचीही गरज नाही. एकाच बाईने तीन लग्नांत लिहिलेल्या तीन चौकांची छायाचित्रे शेजारी ठेवली तरी सुरुवात होईल. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नसराईत चौक लिहिले जातात, आणि पावसाळ्यानंतर त्या भिंती पुन्हा सारवल्या जातात.